प्रतिसाद: अधिकार नसताना ऐकतं कोण?
'हातात अधिकार नसेल तर कुणी ऐकत नाही' हे वर आलंय, ते मला अर्धंच पटतं. मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. सर्जनला थांबवायचा अधिकार माझ्याकडे कुठून येणार? पण जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ मुद्द्यांची सुरक्षा यादी आणली, आणि ती मोठ्याने वाचायचं काम बहुधा आम्हा सिस्टरांकडेच येतं. चीर देण्याआधी सगळ्यांनी थांबायचं, पेशंटचं नाव, ऑपरेशन, शरीरावरची जागा पुन्हा बोलून घ्यायची.

सुरुवातीला आमचे एक सर उत्तर न देताच हात पुढे करायचे. मी वाद घातला नाही. स्क्रबला असलेल्या, म्हणजे सर्जनच्या हातात अवजारं देणाऱ्या मैत्रिणीशी आधीच ठरवलं होतं, उत्तर आल्याशिवाय ब्लेड द्यायचं नाही. दोनेक महिन्यांत सरच विचारू लागले, "सिस्टर, यादी?"