ली श्यांगलान : खटल्यातून सुटली, पण दोषातून?

मूळ मत :
ईशान्य चीनमधील मांचुरियात १९२० साली जपानी आईवडिलांच्या पोटी जन्मलेली योशिको यामागुची ही जपान-चीन युद्धाच्या काळात ली श्यांगलान या नावाने चिनी नटी आणि गायिका म्हणून पडद्यावर वावरली. युद्धानंतर शांघायमध्ये तिच्यावर चीनशी द्रोह केल्याचा आरोप ठेवण्यात आला, परंतु ती चिनी नसून जपानी असल्याचे सिद्ध करणारा कुटुंबनोंदणीचा दाखला एका मैत्रिणीच्या मदतीने वेळेवर पोहोचला आणि १९४६ मध्ये तिला जपानला जाऊ देण्यात आले. माझ्या मते ज्या दाखल्याने ती कायद्याच्या कचाट्यातून सुटली, त्यानेच तिचा नैतिक दोष अधिक गडद केला. १९४० च्या ‘चायना नाइट्स’मध्ये जपानी नायक चिनी तरुणीच्या थोबाडीत मारतो आणि ती त्याच्या प्रेमात पडते, आक्रमकाचा हात पीडितेला मायेचा वाटतो हे दाखवण्यासाठी ती तरुणी खरोखरच चिनी आहे, असे प्रेक्षकाला वाटणे आवश्यक होते.

प्रतिसाद :
हा दोष प्रथम चित्रसंस्थेचा आहे. ली हे नाव तिला वडिलांच्या एका चिनी स्नेह्याने लहानपणीच, घरोब्याच्या रिवाजानुसार, दिले होते. ते काही फसवणुकीसाठी घेतलेले सोंग नव्हते. मांचुकुओच्या, म्हणजे जपानने मांचुरियात उभारलेल्या अंकित राज्याच्या, सरकारी चित्रसंस्थेने १९३८ मध्ये तिला पडद्यावर आणले, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. शिवाय अफूयुद्धावरील १९४३ च्या चित्रपटात, इंग्रजांविरुद्धच्या कथेत, अनेक चिनी प्रेक्षकांना जपानविरुद्धचा आपलाच प्रतिकार दिसला आणि त्यातील तिचे गाणे त्यांनी आपलेसे केले. हे श्रेय तिला नाकारणे मला अन्यायाचे वाटते.

मूळ मतकर्त्याचे उत्तर :
नाव जुने असेल, पण त्याचा बाजार नवा होता. १९४१ मध्ये टोकियोच्या निचिगेकी नाट्यगृहाभोवती तिला ऐकण्यासाठी गर्दीचे वेढे पडले, तेव्हा ती अजाण नवखी राहिली नव्हती, आणि जपानची चिनी मैत्रीण हीच तिची तिथली ओळख होती.

आणखी एक प्रतिसाद :
वरील दोन्ही मतांत तिचे पुढचे आयुष्य आले नाही, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. हॉलिवूडमध्ये शर्ली यामागुची म्हणून काम केल्यानंतर ती दूरचित्रवाणीवर आली, पॅलेस्टाइनचे वार्तांकन केले, १९७४ पासून १८ वर्षे जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात बसली आणि जपानी सैन्याने लैंगिक गुलामीत ढकललेल्या स्त्रियांसाठीच्या निधीच्या कामातही उतरली. आपल्या युद्धकालीन चित्रपटांबद्दल तिने जाहीर खंत व्यक्त केली. जे पुरुष ते चित्रपट लिहीत, काढत आणि वाटत होते, त्यांच्यापैकी किती जण इतके बोलले?

मूळ मतकर्त्याचे उत्तर :
तिची खंत मी प्रामाणिक मानतो. मात्र ज्या चिनी प्रेक्षकाने १९४० मध्ये तिला आपल्यातली समजून तो अपमान पाहिला, त्याच्या वतीने तिला क्षमा करण्याचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही.