मदत हवी आहे : इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीच्या तुलनेत विजेचा कोणता आकडा धरावा?

नमस्कार. या दोन प्रकारच्या गाड्यांच्या कार्बन उत्सर्जनाचा हिशेब मी मांडला आहे. परंतु विजेच्या बाजूला येऊन अडलो आहे, म्हणून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

पेट्रोलची बाजू त्या मानाने सोपी आहे. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १०० किलोमीटरला साडेचार लिटर पेट्रोल पिणारी साधी, म्हणजे बाहेरून चार्ज न होणारी हायब्रिड घेतली, तर उत्सर्जन १० किलोंच्या थोडे वर जाते. खनिज तेल उपसणे, शुद्ध करणे आणि वाहून नेणे यांसाठी त्यावर एक पंचमांश भर टाकली की साडेबारा किलो होतात.

इलेक्ट्रिक गाडीला चार्जिंगमधील घट धरून १०० किलोमीटरला १७ युनिट (किलोवॅट-तास) वीज लागते असे मानले आहे. वीज निव्वळ कोळशाची असेल, तर युनिटमागे साधारण एक किलो या दराने १७ किलो उत्सर्जन होते, म्हणजे ही गाडी हायब्रिडपेक्षा सरळ वाईट ठरते. नैसर्गिक वायूवरच्या आधुनिक केंद्राची वीज असेल, तर तोच आकडा सात किलोंच्या आसपास येतो आणि पवन किंवा सौर विजेवर किलोभरही राहत नाही. दोन्ही गाड्या युनिटमागे सुमारे ७३० ग्रॅमवर बरोबरीत येतात.

बॅटरीनिर्मितीचा बोजा वेगळा आहे. स्वीडनच्या आयव्हीएल संस्थेने २०१७ मध्ये बॅटरीच्या दर युनिट क्षमतेमागे १५० ते २०० किलो उत्सर्जन सांगितले होते आणि २०१९ मध्ये तो अंदाज ६१ ते १०६ किलोंवर आणला. (जुना आकडा अजूनही वादांत हिरिरीने फेकला जातो.) नवा अंदाज घेऊन ५० युनिटांच्या बॅटरीचा बोजा २ लाख किलोमीटरवर वाटला, तर १०० किलोमीटरमागे सुमारे १.५ ते २.७ किलोंची भर पडते आणि बरोबरीचा बिंदू ६१० ग्रॅमच्या आसपास उतरतो. हायब्रिडची बॅटरी एक-दोन युनिटांचीच असल्याने ती मी सोडून दिली आहे.

आता प्रश्न असा की, युनिटमागचे उत्सर्जन म्हणून सगळ्या वीजनिर्मितीची सरासरी धरावी, की मी गाडी चार्जिंगला लावल्यामुळे ज्या केंद्राला त्या क्षणी जास्त वीज बनवावी लागते, त्याचा आकडा धरावा? रात्री सौर वीज नसताना ही वाढीव मागणी बहुधा कोळसा किंवा वायूच भागवतो, त्यामुळे दोन आकड्यांत मोठा फरक पडू शकतो.

प्रतिसाद १

आपण नेमके काय ठरवू पाहत आहात, यावर ते अवलंबून आहे. गाडी घरात आहेच आणि ती आज दुपारी चार्ज करावी की रात्री एवढेच ठरवायचे असेल, तर वाढीव मागणी भागवणाऱ्या केंद्राचा आकडा योग्य आहे. गाडी कोणती घ्यावी हा प्रश्न असेल, तर मात्र तो दिशाभूल करतो; कारण कायमची वाढलेली मागणी जुनी केंद्रे जास्त चालवून भागवली जात नाही, तिच्यासाठी नवी केंद्रे उभी राहतात, आणि ती कोणत्या प्रकारची असतील हे महत्त्वाचे ठरते. अशा वेळी गाडीच्या आयुष्यातील प्रत्येक वर्षाची अपेक्षित सरासरी घ्यावी. विजेचा आकडा वर्षागणिक बदलू शकतो, हायब्रिडचा मात्र पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत जवळपास तोच राहतो.

शिवाय पेट्रोलला आपण तेलविहिरीपासूनचे उत्सर्जन लावले आहे, तर विजेलाही वहनातील गळती आणि कोळसा खाणींतून सुटणारा मिथेन लावायला हवा. तो लावला तर आजचा निकाल हायब्रिडकडे आणखी झुकेल, हे मान्य करूनच पुढे जावे.

साडेचार लिटर हा आकडाही तपासून घ्यावा. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा परत मिळवणे हे हायब्रिडचे मोठे बळ थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत दिसते. सलग वेगाने जाताना ब्रेकच क्वचित लागतो आणि हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे तो फायदा बराच आटतो.

प्रतिसाद २

प्लग-इन, म्हणजे बाहेरून चार्ज होणाऱ्या हायब्रिडचा विचार मनात असेल, तर कंपनीने दिलेला आकडा हिशेबात घेऊच नये. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरची माहिती प्रसिद्ध केली, तीत या गाड्यांचे उत्सर्जन चाचणीतल्यापेक्षा सरासरी साडेतीन पट निघाले, कारण लोक त्या अपेक्षेपेक्षा फार कमी वेळा चार्ज करतात.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. वर्षनिहाय सरासरी घेऊन आणि गळती दोन्ही बाजूंना लावून हिशेब नव्याने मांडतो. एक उपप्रश्न राहतो : मिथेनचे तापमानवाढीतील वजन (म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तो तापमान वाढवतो) २० वर्षांच्या मुदतीचे धरावे की १०० वर्षांच्या? गाडीचे आयुष्य पंधरा-वीस वर्षांचे असल्याने माझा कल पहिल्याकडे आहे, परंतु पेट्रोलच्या बाजूचे आकडे बहुतेक ठिकाणी दुसऱ्या मुदतीने दिलेले आढळतात.