मदत हवी आहे : दोन वेंधळ्या गुप्तहेरांचा एक जुना मूकपट ओळखायचा आहे

नमस्कार.

माझे मामा सातारा जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांचे १६ मिमी प्रोजेक्टर दुरुस्त करीत असत. ते गेल्यानंतर त्यांच्या खोलीची आवराआवर करताना माळ्यावर एक पत्र्याचा डबा सापडला. डब्यावर त्यांच्या अक्षरात 'दोन हेर – विनोदी' एवढेच लिहिलेली चिठ्ठी डकवलेली आहे आणि आत एक रीळ आहे. ते त्यांच्याकडे कोठून आले, हे सांगू शकेल असे आता घरात कोणी उरलेले नाही. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या वाचनालयात मुलांना हा मूकपट पेटी-तबल्याच्या साथीवर दाखवावा, अशी माझी फार इच्छा आहे. परंतु चित्रपटाचे नाव काय, त्यात काम कोणी केले आणि तो कोणत्या साली निघाला, हे मुलांना सांगता आल्याशिवाय तो दाखवणे मला अपुरे वाटते.

मामांच्याच प्रोजेक्टरवर मी तो भिंतीवर दोनदा चालवून पाहिला आणि दुसऱ्या वेळी मोबाइलवर त्याचे चित्रीकरणही करून ठेवले. सुरुवातीला नाव नाही, शेवटी काही नाही आणि मध्येही मजकुराची एकसुद्धा पाटी नाही. चित्र थेट एका दिवाणखान्यात सुरू होते. एक बाई रिकाम्या पेटीकडे हात दाखवून रडत असते आणि दोन गुप्तहेर दारातून एकाच वेळी आत शिरण्याच्या धडपडीत चौकटीत अडकून बसतात. दोघांच्याही अंगात चौकड्यांचे लांब कोट आहेत आणि डोक्यावर पुढेमागे झाप असलेल्या, शेरलॉक होम्सच्या चित्रांत दिसतात तशा टोप्या आहेत. एक चांगला गुबगुबीत, गोल चेहऱ्याचा आहे, तर दुसरा उंच, रुंद खांद्यांचा आणि काहीसा मख्ख दिसणारा आहे. पुढे ते भिंग घेऊन अंगणात पावलांचे ठसे शोधू लागतात आणि रांगत रांगत, एक डावीकडून व दुसरा उजवीकडून, घराला पुरी फेरी घालतात. मागच्या कोपऱ्यावर त्यांची डोकी एकमेकांवर आपटतात. ठसे त्यांच्याच बुटांचे आहेत हे कळायच्या आत गोल चेहऱ्याच्या गृहस्थाने आपल्या सोबत्याच्या हातात बेडी अडकवलेलीही असते. त्याच वेळी त्यांच्या पाठीमागून खरा चोर बोचके खांद्यावर टाकून, अजिबात घाई न करता, रस्ता ओलांडून निघून जातो. हा प्रसंग मी किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही. पुढे थोडी पळापळ होते आणि दोघे एका कुंपणावरून उडी मारण्याच्या बेतात असताना चित्र तुटते.

आता रिळाविषयी. हाताने सावकाश गुंडाळत मी त्याची लांबी मोजली, ती १८८ फूट भरली. फिल्मच्या दोन्ही कडांना छिद्रे आहेत, ध्वनीची पट्टी नाही. कडेवर कोडॅकचे नाव, 'सेफ्टी फिल्म' हे शब्द आणि त्यांच्या शेजारी एक लहानसा भरीव त्रिकोण आहे. डबा उघडला की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, मात्र फिल्म अद्याप वेडीवाकडी झालेली नाही.

धांदलीचे प्रसंग पाहून हा कीस्टोन या अमेरिकन विनोदी चित्रपट कंपनीच्या पोलिसांच्या चित्रपटांपैकी एक असावा, असे मला प्रथम वाटले. परंतु यात एकही पोलीस नाही आणि ती सुप्रसिद्ध पोलीसगाडीही नाही. दुसरी अडचण वेगाची आहे. मामांच्या प्रोजेक्टरवर दर सेकंदाला २४ चौकटी (फिल्मवरची सुटी चित्रे) असा एकच वेग असून त्यावर हे खेळ साधारण सव्वापाच मिनिटांत उरकते. माणसे दोरीवरच्या बाहुल्यांसारखी हिसके देत चालतात. बेडी अडकवण्याचा प्रसंग तर इतका झटकन संपतो की विनोद कळायच्या आत चोर पडद्याबाहेर गेलेला असतो. मुलांना हे चित्र असे धावत्या वेगाने दाखवण्याची मला इच्छा नाही.

माझ्या माहितीप्रमाणे १९१३ मध्ये मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा त्याच्या जाहिरातीतील कार्यक्रमात पायांनी वस्तू उडवून झेलण्याच्या कसरतीचे व नाचाचे प्रयोग होते आणि 'टिप-टॉप कॉमिक्स' नावाने विनोदी करमणूकही होती. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने पडद्यावर हसायला ज्या खेळांपासून सुरुवात केली, त्याच जातीचा हा एक तुकडा माझ्या हाती आला असावा, असे मला राहून राहून वाटते. म्हणून जाणकारांना विनंती की, हे दोन नट कोण असावेत, चित्रपटाचा काळ कसा ठरवावा, अर्धा-अधिक भाग हरवलेला आहे असे समजावे का आणि तो कोणत्या वेगाने दाखवावा, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

सर्वांत आधी एक कळकळीची विनंती करतो : हे रीळ आता पुन्हा प्रोजेक्टरवर चढवू नका. आंबूस वास म्हणजे फिल्मचा अ‍ॅसिटेटचा पाया कुजू लागला आहे आणि त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल बाहेर पडत आहे. अशी फिल्म हळूहळू आकसते, छिद्रांमधील अंतर कमी होते आणि मग प्रोजेक्टरचे दात छिद्रे फाडत जातात. बंद पत्र्याच्या डब्यात ती वाफ कोंडून राहिल्यामुळे कुजण्याचा वेग आणखी वाढतो. तेव्हा रीळ हवा खेळेल अशा खोक्यात, घरातील सर्वांत थंड व कोरड्या जागी, इतर फिल्मपासून दूर ठेवा. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तेथे विचारणा करावी. दात्यांऐवजी रुळांवरून फिल्म पुढे नेणाऱ्या स्कॅनरवर तिचे अंकीकरण झाले, तर कार्यक्रमासाठी तुम्हाला मूळ रिळाला हात लावण्याची गरजच राहणार नाही.

प्रतिसाद २

आपण केलेले वर्णन इतके नेमके आहे की त्यावरूनच बऱ्याच गोष्टी सांगता येतील.

कडेवरचा त्रिकोण चित्रपटाचा काळ सांगत नाही, तो कोऱ्या फिल्मच्या निर्मितीचे वर्ष सांगतो. कोडॅकच्या या खुणा दर वीस वर्षांनी पुन्हा येत असत. एकट्या त्रिकोणाचा अर्थ १९१८, १९३८, १९५८ किंवा १९७८ असा होतो आणि १६ मिमी फिल्म १९२३ मध्ये बाजारात आली असल्यामुळे पहिले वर्ष बाद होते. म्हणजे आपल्याकडे आहे ती पुष्कळ नंतर काढलेली प्रत आहे.

लांबीबाबत मात्र आपण निष्कारण चिंता करीत आहात, असे मला वाटते. १६ मिमी फिल्मच्या एका फुटात ४० चौकटी असतात, म्हणजे आपल्या १८८ फुटांत ७,५२० चौकटी झाल्या. मूळ ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात, त्या हिशेबाने ही लांबी ४७० फूट होते. त्या काळी पूर्ण रीळ सुमारे १,००० फुटांचे असे आणि दोन छोटे विनोदी चित्रपट एकाच रिळावर, अर्धे-अर्धे, जोडून दाखवण्याची रीत होती. तेव्हा आपला चित्रपट अर्धा हरवलेला नसून मुळातच अर्ध्या रिळाचा असावा आणि नाव, पाट्या व शेवटचा लहानसा तुकडा एवढेच गेले असावे, असा माझा अंदाज आहे.

अर्ध्या रिळाचा विनोदी चित्रपट आणि शेरलॉक होम्सचे विडंबन करणारे दोन हेर, यांपैकी एक गोल चेहऱ्याचा, हे ऐकले की मला लगेच मॅक सेनेट आणि फ्रेड मेस हे मूकपटांतील विनोदी नट आठवतात. कीस्टोन निघण्यापूर्वी सेनेट न्यूयॉर्कच्या बायोग्राफ कंपनीत होता. तो १९०८ मध्ये तेथे नट म्हणून आला आणि १९११ पासून विनोदी चित्रपट दिग्दर्शित करू लागला. त्याच वर्षी त्याने स्वतःला आणि मेसला घेऊन दोन बिनडोक हेरांची मालिका सुरू केली. 'ट्रेलिंग द काउंटरफीटर' आणि 'देअर फर्स्ट डिव्होर्स केस' हे १९११ चे, तर 'देअर फर्स्ट किडनॅपिंग केस' हा १९१२ चा. १९१२ मध्ये सेनेट बायोग्राफ सोडून लॉस एंजेलिसमधील एडनडेल भागात कीस्टोनचा कारभार पाहू लागला. मेस, मेबल नॉर्मंड आणि फोर्ड स्टर्लिंग हे कलाकार त्याच्यासोबत होते आणि हे दोन हेरही तिकडे गेले. 'द स्लूथ्स लास्ट स्टँड' हा १९१३ चा कीस्टोनचा चित्रपट आहे. त्याच वर्षी मेसने कीस्टोन सोडली. म्हणून ही जोडी तीच असेल, तर आपला शोध जेमतेम दोन-अडीच वर्षांच्या कालखंडापुरता उरतो.

आता कंपनी कोणती ते ठरवायचे. बायोग्राफ त्या काळात नटांची नावे जाहीर करीत नसे, त्यामुळे सुरुवातीची पाटी शाबूत असती तरी तिच्यावरून नट कळले नसते. परंतु एक खूण भिंतीवर मिळू शकते. दुसऱ्याच्या चित्रपटाची नावाची पाटी कापून तो आपला म्हणून विकणारे लोक तेव्हा फार होते. त्यांना आळा घालण्यासाठी बायोग्राफने 'ए' आणि 'बी' ही जोडाक्षरासारखी गुंफलेली अक्षरे वर्तुळात घालून ती खूण सेटच्या भिंतीवरच लावण्यास सुरुवात केली. नाव कापता येते, पण प्रत्येक चौकटीतली भिंत कशी कापणार? आपल्या दिवाणखान्याच्या भिंती, दाराच्या बाजू, टेबलामागचा भाग भिंगाने नीट पाहा.

पाट्या नसण्याचेही एक कारण संभवते. १९१२ पर्यंत अमेरिकेच्या कायद्यात चलचित्रांना स्वतंत्र संरक्षण नव्हते, छायाचित्रांना होते. म्हणून कंपन्या आपला चित्रपट फिल्मऐवजी लांबच लांब कागदी पट्टीवर छापून वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये छायाचित्र म्हणून नोंदवीत. ज्वालाग्राही नायट्रेट फिल्म जळून व कुजून गेल्या, कागद मात्र तसेच राहिले. १९५० च्या दशकात केम्प नायव्हर यांनी एकेक चौकट पुन्हा टिपून ते ३,००० हून अधिक चित्रपट १६ मिमीवर उतरवले. त्यांतील बऱ्याच चित्रपटांत पाट्या नाहीत. आपली प्रत त्या जातीची असेल, तर चित्रात कागदाचे तंतू आणि किंचित थरथर दिसेल.

वेगासाठी मी दर सेकंदाला १६ ते १८ चौकटी सुचवीन. १६ चौकटींना आपला चित्रपट बरोबर ७ मिनिटे ५० सेकंद चालेल. कॅमेरा हाताने फिरवला जात असे, त्यामुळे अमुकच एक वेग खरा असे म्हणता येत नाही. पाणी ओतणे, जिना उतरणे, टोपी काढणे अशा साध्या हालचाली नैसर्गिक वाटतील तो वेग धरावा, पळापळ पाहून वेग ठरवू नये.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. रीळ आता खोक्यात ठेवले असून प्रोजेक्टर बंद केला आहे.

काल रात्री मोबाइलवरचे चित्रीकरण दोन-तृतीयांश वेगाने लावून पाहिले आणि अक्षरशः दुसराच चित्रपट समोर आला. बेडी अडकवल्यानंतर गोल चेहऱ्याचा हेर समाधानाने मिशीवरून बोट फिरवतो आणि तेवढ्यात त्याचा सोबती बेडीकडे, मग त्याच्याकडे, मग पुन्हा बेडीकडे पाहतो. हे तिन्ही कटाक्ष मला आधी दिसलेच नव्हते! त्यांच्यामुळेच चोराला रस्ता ओलांडायला पुरेसा वेळ मिळतो.

चित्रीकरणात भिंत अस्पष्ट होती. म्हणून आज सकाळी हातात सुती मोजे घालून रिळाचा सुरुवातीचा हातभर भाग खिडकीच्या काचेसमोर धरला आणि भिंगाने पाहिला. कागदाचे तंतू कोठेही दिसत नाहीत, चित्र स्वच्छ आहे. दिवाणखान्याच्या दाराशेजारी, कमरेच्या उंचीवर, दोन रुपयांच्या नाण्याएवढी भासणारी एक गोल चकती भिंतीवर आहे. रडणाऱ्या बाईची खुर्ची तिच्या आड येते, परंतु बाई उठून पेटीकडे जाते त्या पाच-सहा चौकटींत ती पूर्ण उघडी पडते. वर्तुळाच्या आत 'ए' स्पष्ट वाचता येतो आणि त्याच्या उजव्या पायाला चिकटून 'बी'ची दोन पोटे आहेत.

तेव्हा कंपनी बायोग्राफ, हे मी आता धरून चालतो. बायोग्राफच्या काळातील या जोडीच्या चित्रपटांपैकी ज्यात रिकामी पेटी आणि घराभोवतीची ती रांगती फेरी आहे, असा चित्रपट कोणी पाहिला असेल, तर कृपया येथे कळवावे. मुलांचा कार्यक्रम मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आहे.