अकाउंट्सचं इक्वेशन हे खरं इक्वेशन आहे का? रूममेटशी वाद चालू आहे

इतवारी_खतावणी
मी बीकॉम करून इतवारीत एका होलसेल दुकानात अकाउंट्स पाहतो, रूममेट फिजिक्समधे एमएससी करून राहिला. काल जेवताना सहज बोललो का आमच्याकडं पण इक्वेशन असतं, मालमत्ता = देणी + भांडवल, तर तो हसायलाच लागला. म्हणे दोन्ही बाजू सारख्या ठेवायच्या हे तुम्हीच ठरवता आणि मग सारख्या आल्या म्हणून खुश होता, यात काय इक्वेशन. बल = वस्तुमान × त्वरण हे प्रयोगात चुकीचं निघू शकतं म्हणून त्याला किंमत, तुमचं चुकूच शकत नाही म्हणून त्यात दम नाही.
मला तिथं उत्तर सुचलं नाही पण पटलं पण नाही. मार्च एंडला ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बेरजांचा ताळा) जुळत नसला का काय होते हे त्याला काय माहीत. तर गणितवाले, सायन्सवाले, धंदेवाले सगळ्यांनी सांगा, ते बरोबरचं चिन्ह सगळीकडं एकच काम करतं का?

क्षयज्ञ_मॅडम
नववी-दहावीला गणित शिकवते, म्हणून आधी आमच्या घरातलं सांगते. गणितातसुद्धा ते चिन्ह एकच काम करत नाही. (अ + ब)² = अ² + २अब + ब² यात कुठलेही आकडे टाका, खरंच येणार, याला नित्य समानता म्हणतात. क्ष² − ५क्ष + ६ = ० हे मात्र क्ष २ किंवा ३ असेल तरच खरं, म्हणजे ही एक अट आहे आणि ती कोण पाळतं ते शोधायचं. तिसरं म्हणजे व्याख्या, "समजा नफा = विक्री − खर्च", इथं शोधायचं काहीच नाही, नाव ठेवलं फक्त.
तुमचं अकाउंट्सचं इक्वेशन नित्य समानतेच्या जवळचं, कारण देणी वजा करून जे उरतं त्यालाच भांडवल म्हणायचं असं ठरलेलं आहे. तेवढ्यापुरता रूममेट बरोबर. पण जे नेहमीच खरं ते बिनकामाचं, हे कुठून आणलं त्यानं? १०३ × ९७ तोंडी करायला मुलांना (१०० + ३)(१०० − ३) लिहायला लावते, १०००० − ९, झालं ९९९१. नित्य समानतेचा धंदाच तो, अवघड बाजू सोडायची आणि सोप्या बाजूनं जायचं.
आणि प्रयोगावर तपासता येतं तेच खरं इक्वेशन म्हणाल तर मग भास्कराचार्यांचं काय करायचं? एका संख्येच्या वर्गाला ६१ नं गुणा, १ मिळवा, उत्तर पूर्ण वर्ग यायला हवं. दिसायला एवढंसं, आणि शून्य सोडलं तर चालणारी सगळ्यात छोटी संख्या आहे २२,६१,५३,९८०. त्यांनी ती चक्रवाल, म्हणजे टप्प्याटप्प्यानं उत्तराकडं नेणाऱ्या पद्धतीनं बाराव्या शतकात काढलीय, हेच कोडं फर्मानं १६५७ मधे युरोपातल्या गणितज्ञांना घातलं. यात ना निसर्ग आहे ना धंदा.

बॉयलर_भाऊ
रूममेटला सांग, फिजिक्सवाले पण वही जुळवतात बाप्पा. मी कोळशावरच्या पॉवर प्लांटमधे आहे. आमच्याकडं हीट बॅलन्स काढतात, कोळशातून आलेली उष्णता एकीकडं आणि दुसरीकडं वीज, चिमणीतून गेलेली, कंडेन्सरमधून गेलेली, राखेतली वगैरे. वीज म्हणून साधारण एक तृतीयांशच्या आसपासच हाती लागते, बाकी सगळे लॉस. आणि शेवटी एक ओळ असते, 'अनअकाउंटेड लॉस'. हिशोब जुळावा म्हणून टाकलेली. आता सांग हे तुझ्या सस्पेन्स खात्यापेक्षा (न जुळणारा फरक तात्पुरता टाकून ठेवता ते) वेगळं काय आहे?
याच्यापेक्षा भारी किस्सा न्यूट्रिनोचा. बीटा क्षय (एक प्रकारचा किरणोत्सर्ग) होताना अणूच्या केंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, पण मोजलं तर ऊर्जा कमी भरत होती. नील्स बोरसारखा मोठा शास्त्रज्ञ पण म्हणायला लागला का इथं ऊर्जेचा नियम लागू होत नसेल. १९३० मधे पाउली या भौतिकशास्त्रज्ञानं सुचवलं का नाही, वही बरोबर आहे, न दिसणारा एक कण उरलेली ऊर्जा घेऊन जातो. म्हणजे सरळ सस्पेन्स खातं उघडलं ना त्यानं! तो कण, म्हणजेच न्यूट्रिनो, प्रत्यक्ष सापडला १९५६ मधे, कावन आणि राइन्सला.
पण दरवेळी अशी एंट्री सापडतेच असं नाही, आणि तुझा रूममेट जिंकतो तो इथंच. युरेनस गणितापेक्षा इकडंतिकडं जात होता तेव्हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लव्हेरिएनं बाहेर आणखी एक ग्रह असणार असा हिशोब मांडला, १८४६ मधे बर्लिनला गालेनं दुर्बीण लावली आणि नेपच्यून सापडला. मग बुधाच्या कक्षेत पण फरक दिसत होता म्हणून त्याच माणसानं तोच उपाय केला, सूर्याजवळ व्हल्कन नावाचा ग्रह मानला. लोकांनी कितीतरी वर्षं शोधला, नाहीच. फरक शंभर वर्षांत ४३ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), म्हणजे काहीच नाही म्हटलं तरी चालेल, पण तेवढ्यासाठी न्यूटनची वहीच अपुरी ठरली आणि १९१५ मधे आइन्स्टाईनच्या इक्वेशननं तो आकडा बरोब्बर दिला. तुमच्या वहीत असं होऊच शकत नाही, ट्रायल बॅलन्स जुळला नाही तर तुम्ही चुकलेले असता, डबल एंट्री (प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे असा दोनदा लिहायची पद्धत) नाही.

महालवाला_पोहे
मोठी मोठी माणसं बोलून राहिली, मी पोह्यावर येतो. माझा तर्री पोह्याचा ठेला आहे. समजा भाडं, पोरांचा पगार सगळं धरून महिन्याला १८,००० बांधील खर्च, प्लेट ३० ची, त्यात माल आणि गॅस १८ चा. प्लेटमागं सुटले १२. १८,००० भागिले १२, म्हणजे १५०० प्लेटी गेल्या का मी बिनतोट्यात. भाव ३३ केला तर १२०० च प्लेटी पुरतात. कागदावर काय मस्त दिसते! पण ३३ केल्यावर गिऱ्हाईक बाजूच्या ठेल्यावर गेलं तर? ते इक्वेशनमधे कुठंच लिहिलेलं नाही. इक्वेशन फक्त किती प्लेटी विकाव्या लागतील तेवढं सांगते, विकल्या जातील का ते नाही सांगत. न्यूटनच्या दगडाला तरी बाजूचा ठेला दिसत नाही.

तर्री_कमी_पोहे_जास्त
भाऊ १८ मधे चणा धरला का? आणि कांदा?

महालवाला_पोहे
धरला. कांदा वरून मागितला तर नाही धरला.

हप्तेवाला
धंद्यातल्या इक्वेशनला दम नाही म्हणणाऱ्यानं एकदा कर्ज घेऊन पाहावं. गाडी घेताना डीलरकडच्या माणसानं सांगितलं, "फ्लॅट १० टक्के, तीन वर्षं." एक लाखावर वर्षाला १० हजार, तीन वर्षांचे ३०, एक लाख तीस हजार भागिले ३६, हप्ता ३६११. गुणाकार अगदी बरोबर, खोटं कुठंच नाही. पण मुद्दल तर दर महिन्याला कमी होत जाते आणि हे व्याज घेतात पूर्ण लाखावर. हाच हप्ता ईएमआयच्या इक्वेशनमधे टाकला तर खरा दर निघतो जवळपास १८ टक्के.

इतवारी_खतावणी
@हप्तेवाला हे एक्सेलमधे रेट फंक्शननं करून पाहिलं, १७.९ च्या आसपास येते. पण उलटं सूत्र का नाही मिळत, दर = अमुक तमुक असं?

क्षयज्ञ_मॅडम
कारण त्यात दराचा ३६ वा घात येतो, दर एका बाजूला आणि बाकी सगळं दुसऱ्या बाजूला असं मांडताच येत नाही. म्हणून एक्सेल अंदाज घेतं, तपासतं, थोडं सरकतं, परत तपासतं. फसवणूक टिकते ती यामुळेच, हप्त्यावरून दर तोंडी काढता येत नाही.

इतवारी_खतावणी
पाउलीचं रूममेटला ऐकवलं. आधी गप्प बसला, मग म्हणे सस्पेन्स खातं २६ वर्षं उघडं ठेवणारा माणूस तुमच्या ऑडिटरनं ठेवला असता का. आता याचं उत्तर कोणी द्या.

बॉयलर_भाऊ
आमच्याकडचं दरवर्षी नवीन उघडते.