मदत हवी आहे: कीबोर्ड पुसल्यापासून अक्षरं गिळतोय

मंडळी, इतकी वर्षं लॅपटॉपवरच काम केलं. आता डेस्कटॉप घेतलाय आणि त्याच्यासोबत हा १०४ बटणांचा लांबलचक कीबोर्ड आलाय. काल कॉम्प्युटर चालू असतानाच त्याच्यावरून फडकं फिरवलं (हो, माहितीये, बंद करायला हवा होता). तेव्हापासून उजवीकडच्या बटणांवरून आकडे उमटत नाहीत. ८ दाबलं की कर्सर वरच्या ओळीत जातो, ५ दाबलं तर ढिम्म. लिबरऑफिसमध्ये पत्र लिहिताना मधे एक शब्द घालायला गेले, तर पुढची अक्षरं एकेक करून गायब! एक्सेलमध्ये बाण दाबला की निवडलेला सेल जागचा हलत नाही, अख्खी शीटच सरकते. कीबोर्ड नवीन आणू का?

---

नका आणू, कीबोर्ड ठणठणीत आहे. फडक्याने नम लॉक (उजवीकडचे आकडे चालू-बंद करणारं बटण) बंद झालंय. ते बंद असलं की ८, ४, ६, २ हे बाण होतात, ७ म्हणजे होम, आणि ५ ला काही कामच उरत नाही. १९८१च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर ८३च बटणं होती, बाणांना वेगळी जागा नव्हती. म्हणून तीच बटणं दोन्ही कामं करायची. पुढे बाण वेगळे आले, पण ही दुहेरी सोय तशीच राहिली.

आता गंमत बघा. नम लॉक बंद असताना ० म्हणजे इन्सर्ट! ते एकदा दाबलं की नवीन अक्षरं पुढच्या अक्षरांना न सरकवता त्यांच्यावरच उमटतात, पुन्हा दाबलं की ते थांबतं. पत्रात तारीख टाकताना तिकडचं शून्य दाबलं होतंत का?

---

अय्या, हो! '१०' टाकायला गेले होते. १ दाबल्यावर कर्सर ओळीच्या टोकाला पळाला, ० दाबल्यावर काहीच झालं नाही, म्हणून सोडून दिलं.

---

झालं तर मग. 'काहीच झालं नाही' तेव्हाच जे व्हायचं ते झालं. एकदा इन्सर्ट दाबा, अक्षरं खायचं थांबेल. नम लॉक चालू करा, त्याचा दिवा लागेल. आणि तोवर तिथल्या टिंबाला हात लावू नका, ते सध्या डिलीट आहे.

---

एक्सेलचं राहिलं. ते स्क्रोल लॉक चालू झाल्यामुळे. एक्सेलच्या तळाच्या पट्टीत तसं लिहूनही येतं, पण तिकडे बघतो कोण! प्रिंट स्क्रीनच्या शेजारचं बटण दाबा. कुणाच्या कीबोर्डवर ते नसेल आणि विंडोज १० किंवा ११ असेल, तर विंडोज, कंट्रोल आणि ओ एकदम दाबा. पडद्यावर कीबोर्ड उघडतो, त्यात ते सापडेल.

---

तिन्ही जमलं! पण स्क्रोल लॉकच्या पलीकडचं ते पॉज-ब्रेक कशासाठी असतं?

---

विंडोजचं बटण धरून दाबून बघा, तुमच्या कॉम्प्युटरची माहिती उघडेल. मी तरी ते तेवढ्यासाठीच वापरतो.