पुतणीच्या पदवीचा कार्यक्रम, मुंबईहून २२ जण मालवणजवळच्या गावी. तयारी काय करावी?

डोंबिवलीकर_काका

पुतणी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. झाली. घराण्यातली पहिली पदवीधर मुलगी, म्हणून दादाने सगळ्यांना गावी बोलावलंय. मे अखेरच्या शनिवारी सत्यनारायण आणि रविवारी वडे-सागोतीचं जेवण. मुंबई-ठाण्याहून आम्ही २२ जण, त्यात ऐंशीच्या घरातल्या दोन आत्या आणि चार लहान मुलं. घरचे आणि भावकी धरून रविवारी पंगतीला साधारण ६० माणसं होतील.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. जायचं कसं? वहिनीच्या डोक्यावर सगळा भार पडू नये म्हणून आम्ही काय करावं? आणि पुतणीला द्यायचं काय? चुलतभावांचं म्हणणं, पदवीचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून मोठ्या फ्रेममध्ये बसवून देऊ.

कुडाळ_स्टेशन_रोड

आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं आणि मे महिन्यात कोकणातल्या गाड्या बघता बघता भरतात. एका तिकिटावर सहाच जण बसतात, म्हणजे तुमची चार तिकिटं. ती चार वेगळ्या खात्यांवरून, चार जणांनी एकाच वेळी काढायची. एकच माणूस एकामागून एक काढत बसला की तिसऱ्या तिकिटापर्यंत वेटिंग लागतं. प्रत्येक तिकिटावर एक धडधाकट माणूस आणि एक म्हातारं किंवा लहान मूल असं वाटून घ्या. डबे वेगळे आले तरी आत्या एकट्या पडत नाहीत.

तुतारी एक्स्प्रेसने जाणार असाल तर तारीख दोनदा बघा. ती दादरहून रात्री १२ वाजून गेल्यावर सुटते. शुक्रवारी रात्री निघायचं तर तिकीट शनिवारचं हवं. शुक्रवारच्या तारखेचं तिकीट घेऊन शुक्रवारी रात्री दादरला गेलात, तर तुमची गाडी २४ तासांपूर्वीच गेलेली असते. शिवाय शनिवारी सकाळी पूजा असेल तर तुतारी धरूच नका, ती कुडाळला दिवस चांगला वर आल्यावर पोचते. शुक्रवारी दिवसा मांडवी एक्स्प्रेसने या आणि रात्री गावी झोपा.

उतरायचं कुडाळला. तिथून मालवण साधारण ३० किलोमीटर. २२ जणांना सहा-सात रिक्षा करण्यापेक्षा १७ सीटची ट्रॅव्हलर आणि सामान-म्हाताऱ्यांसाठी एक इको (छोटी व्हॅन) आधीच सांगून ठेवा. गाडीवाल्याला विचारा, ट्रॅव्हलर घराच्या पाणंदीत वळते का. बहुतेक ठिकाणी वळत नाही, मग शेवटचा टप्पा आत्यांना इकोतूनच न्यावा लागतो.

परतीचं तिकीट रविवार रात्रीचं काढू नका. जेवणं चार वाजेपर्यंत चालतात आणि भांडी, मांडव, हिशेब यजमानावर टाकून पाहुणे पळाले असं होतं. सोमवार धरा. तत्काळवर विसंबणार असाल तर खातं आधारशी जोडलेलं हवं. एसीचं सकाळी १० ला, स्लीपरचं ११ ला उघडतं.

माजघरातून

शनिवार-रविवार वेगळे ठेवलेत ते उत्तम. पूजेच्या दिवशी घरात मांसाहार शिजत नाही, तेव्हा येताना कुणी सुकट-बोंबलाचा पुडाही काढायचा नाही. शनिवारच्या पंगतीला काळ्या वाटाण्याची उसळ असणारच. ६० पानांना साडेतीन किलो वाटाणे, शुक्रवारी संध्याकाळी भिजत घालायचे. १० ते १२ तासांपेक्षा कमी भिजले तर शिट्ट्या कितीही द्या, आत कणी राहते. प्रसादाचं सामान सव्वाच्या मापात लागतं: सव्वा किलो रवा, तेवढीच साखर, तेवढंच तूप. साजूक तूप आणि काजू मुंबईकरांनी घेऊन गेलात तर वहिनींचा एक खर्च सुटेल.

आता रविवार. शाकाहारी किती ते आजच मोजा. ६० पैकी १० धरले तर ५० जणांना ११-१२ किलो कोंबडी आणि वाटपाला तितकेच नारळ. गावठी असेल तर चुलीवर दीड तास तरी शिजते, म्हणून एकच्या पंगतीसाठी दहाला फोडणी पडलीच पाहिजे. वडे माणशी पाच, म्हणजे अडीचशे. किलोभर पिठाचे तीसेक होतात, तर आठ-नऊ किलो पीठ. जाडे तांदूळ किलोला पाव किलो उडीद डाळ, मूठभर चणाडाळ, मूठभर गहू, धणे, बडीशेप आणि चमचाभर मेथी, आणि दळण जरा रवाळ. मुंबईचं तयार पीठ नेऊ नका. ते मैद्यासारखं बारीक असतं आणि वडा चिवट होतो.

पीठ गरम पाण्यात घट्ट मळून तीन-चार तास झाकून ठेवायचं. सैल झालं की वडा तेल पितो. तेल पुरेसं तापलेलं नसेल तर फुगतच नाही. अडीचशे वड्यांना दोन कढया आणि चार माणसं लागतात: एक गोळे करणारी, दोन केळीच्या पानावर थापणाऱ्या, एक तळणारी. वहिनींना आधीच फोन करून सांगा की थापायला आमच्या दोघी बसतील. गावी पोचल्यावर "काही मदत करू का" असं विचारलं की उत्तर "नको, बसा" हेच येतं.

सोलकढी सगळ्यात शेवटी. ६० जणांना नऊ लिटर, १२ ते १४ नारळांचं दूध. मे महिन्याच्या उकाड्यात नारळाचं दूध दोन-तीन तासांत आंबतं, त्यामुळे सकाळी करून ठेवलेली कढी पंगतीपर्यंत टिकत नाही. खोबरं सकाळी खवून ठेवा, दूध १२ ला काढा, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) त्याच वेळी घाला. आगळात मीठ असतंच, म्हणून चाखल्याशिवाय वरून मीठ घालायचं नाही.

खळं_आणि_मांडव

वरचं सगळं बरोबर. एक राहिलं: पाणी. मे अखेरीस विहिरी तळाला जातात. २२ माणसं वाढली की आंघोळीलाच माणशी २० लिटर धरून साडेचारशे लिटर लागतं, स्वयंपाक आणि भांडी वेगळी. दादांना टँकर सांगायला लावा आणि पैसे तुम्ही द्या. केळीची पानं किंवा पत्रावळी वापरल्या की भांड्यांचं पाणी निम्म्याने वाचतं.

वळवाचा पाऊस आला की वीज जाते, कधी रात्रभर. आत्यांना ओटीवर झोपवा, खळ्यात (अंगणात) नको. चार्जिंगचे दोन पंखे घेऊन जा. आणि निघण्याआधी थोरल्यांना फोन करून भावकीत सुतक नाही ना ते विचारा. सुतक आलं तर पूजा पुढे जाते, पण तुमची तिकिटं तशीच राहतात.

डोंबिवलीकर_काका

खूप आभार. टँकर आणि तूप आमच्याकडे घेतलं. थापायला दोन सुना तयार आहेत. फ्रेमचं कुणी सांगेल का?

कागदपत्र_जपा

प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. पुढे परदेशी शिक्षण किंवा नोकरीसाठी साक्षांकन लागलं तर शिक्का आणि स्टिकर मूळ कागदावरच लावावं लागतं. प्लास्टिक चढवलेला कागद परत करतात आणि सोलायला गेलं की शाईही निघून येते. मग विद्यापीठाकडे दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करावा लागतो.

फ्रेम करायचीच तर चांगल्या जाड कागदावर रंगीत प्रत काढून ती लावा. भिंतीवर तीच शोभून दिसते आणि पावसाळ्यात ओल धरली तरी नुकसान नाही. मूळ प्रत कडक फाइलमध्ये, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह स्टीलच्या कपाटात वरच्या कप्प्यात. लाकडी पेटीत नको, कोकणात वाळवी आधी तिथेच लागते.

देण्याचं म्हणाल तर २२ जणांची २२ पाकिटं देण्यापेक्षा घराप्रमाणे रक्कम एकत्र करून तिच्याच खात्यात टाका. आधी तिला विचारा, पुढे एम.एस्सी. करायचं आहे की नोकरी. एम.एस्सी. असेल तर पहिल्या सत्राची फी, नोकरी असेल तर खोलीचं डिपॉझिट. आत्यांच्या हातून औक्षण, शाल आणि नारळ हे पूजा झाल्याबरोबर उरकून घ्या. आरतीनंतर पंगत बसली की कुणी जागेवर सापडत नाही. आणि गाऊन घालून फोटो हवा असेल तर तिला आत्ताच विचारा. तो बहुधा भाड्याचा असतो, समारंभ संपला की परत जातो.