कुत्र्याचे सततचे जुलाब : आधी शी तपासा, मग आहार

तुमच्या लॅब्रॅडॉरला दर महिन्याला जुलाब, मेट्रोनिडाझोल (जिवाणू मारणारी गोळी) दिलं की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. त्यावर इथे कुणी 'दहीभात कायम ठेवा' असा सल्ला दिलाय. दोन दिवस ठीक आहे, पण कायमच्या दहीभातावर पोषण होत नाही. आणि ही गोळी वारंवार दिली तर आतड्यातले चांगले जिवाणूही मरतात.

आधी शी तपासून घ्या, वेगवेगळ्या दिवसांची. जिआर्डिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी एका नमुन्यात सापडेलच असं नाही. आपल्याकडे पावसाळ्यात ओल्या मातीतून अंकुशकृमीही लागतात, त्यांच्या अळ्या थेट पंजाच्या कातडीतून शिरतात.

तपासणीत काही नाही आलं तर आहार बदलून बघा. त्याने पूर्वी न खाल्लेलं एकच प्रथिन आणि भात किंवा बटाटा, निदान दोन-तीन आठवडे. रोज बांगड्याच्या डोक्यावर वाढलेल्या कुत्र्याला मासा हे नवीन प्रथिन नव्हे! मटण कधी खाल्लं नसेल तर चरबी काढून उकडलेलं मटण चालेल. कांदा, लसूण, नारळ काही नको. खरी अडचण शेजारपाजारची. पडवीत कुणी मायेने सुकट टाकली की प्रयोग संपला.

बिस्किटं बंद. चव लावलेली जंताची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारून.

तरीही वजन उतरत असेल तर बी-१२ आणि स्वादुपिंडाची रक्ततपासणी करायला सांगा. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालंच तर बरं वाटलं म्हणून एकदम थांबवू नका, डॉक्टर सांगतील तसं हळूहळू कमी करा. काळी किंवा रक्ताची शी, सतत उलट्या दिसल्या तर थेट दवाखाना.

सध्या त्याला खायला नेमकं काय देताय?